राजव्वाचं काश्मीर

सोलापुरात काश्मीर कुठं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंत ते आमच्या जिन्याखाली असतं. दहाला पहिल्या पायरीवर उन्हाची तिरीप आली की ते न्हाणीच्या भिंतीकडं सरकतं. तिथं त्याचे दीड-दोन तास बरे जातात. आणि बारा वाजले की ते उठून माझ्या खोलीत येतं. थोडं खाटेखाली, थोडं खाटेभोवती, आणि एक डबा माझ्या कपड्यांच्या ट्रंकेवर. पाच वाजता ते परत जिन्याखाली जातं.

काश्मीर म्हणजे एकूण चौदा डबे. तेलाचे, रंगाचे, आणि एक कान तुटलेला कुकर. त्यांत थंड मुलखातली फुलझाडं. ते दिवसातून तीन वेळा हलवते ती राजव्वा. माझी घरमालकीण. वय पासष्टच्या पुढं, आणि उंची इतकीच, की तिनं डबा उचलला की लांबून डबाच पाय फुटून चालत आल्यासारखा दिसतो.

शुक्रवार पेठेच्या मागच्या गल्लीत तिचं छोटं घर आहे. पुढं तिची खोली, मधे बोळ आणि जिना, मागं माझी पत्र्याची खोली. राजव्वा बिड्या वळते. चाळीस वर्षं वळते आहे. हजार बिड्या वळायला बाकीच्या बायकांना दिवस लागतो. राजव्वालाही दिवसच लागतो, पण त्यात ती तीन वेळा काश्मीर हलवते.

मी गोंदियाकडचा, जंगलाला लागून असलेल्या गावचा. आठवीत शाळा सोडली. आता इथं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात इस्त्री करतो. ज्या शाळेनं मला ठेवलं नाही, तिच्या हजार पोरांच्या चड्ड्यांची घडी मी मोडू देत नाही. हे आपलं उगाच सांगितलं.

खोली मिळाली तीही गंमतच. दिवाळीनंतरचे दिवस होते. मी तीन दिवस या गल्लीतून त्या गल्लीत फिरत होतो. एकटा माणूस, लांबचा, म्हणून कुणी दार पुरतं उघडत नव्हतं. राजव्वाच्या दारापुढं आलो आणि पाय थांबले. आतून ओल्या तेंदूच्या पानाचा वास येत होता. आमच्याकडं मे महिन्यात सगळं गाव पहाटे जंगलात जाऊन हे पान तोडतं. माझं लहानपण त्या वासात गेलेलं. मी येड्यासारखा तिथंच उभा राहिलो.

"काय पायजे?" आतून आवाज आला.

"काही नाही जी. पान आमच्या गावचं आहे."

राजव्वानं मांडीवरच्या सुपातलं एक पान उचललं, नाकाला लावलं, बोटांत चुरगाळलं. "कंचं गाव?"

मी सांगितलं.

"व्हय. जाड हाय, पण मुडपलं तर फाटत न्हाई. मागची खोली रिकामी हाय. बघून घे."

अनामत नाही, ओळख नाही, आधार कार्डाची झेरॉक्स नाही. पानावरून माणूस ठेवून घेतला. मी हात जोडून म्हणालो, "तुम्ही फार उपकार केले जी." तर म्हणाली, "तुमी म्हनू नको. मी काय कारखान्याची चेकर हाय?" तेव्हापासून मी तिला 'तू' म्हणतो. 'जी' मात्र सुटत नाही.

तिनं मात्र माझं नाव विचारलं नाही. मीच दोन-तीनदा सांगून पाहिलं, टेकचंद म्हणून. तिनं हातानं माशी उडवल्यासारखं केलं. "ऱ्हाऊ दे. आदी एक मे काढ."

'मे काढणं' ही राजव्वाची एकच परीक्षा आहे. झाड असो, माणूस असो, पंखा असो, शेजारचं नवं लग्न असो. शेजारणीनं नवा कूलर दाखवायला बोलावलं, तर राजव्वा दारातूनच म्हणाली, "मे काढू दे, मग बघू." गल्लीतल्या एका पोराला नोकरी लागली, त्यानं पेढे आणले. पेढा तोंडात टाकून म्हणाली, "गोड हाय. मे काढ." जोवर तुम्ही सोलापूरचा एक मे पुरता काढत नाही, तोवर तुम्ही तिच्या हिशेबी हंगामी. तुम्हाला गावाच्या नावानं हाक मारायची. म्हणून मी 'गोंदिया'.

एकदा मी धीर करून म्हणालो, "आमच्याकडं सोलापूरपेक्षा जास्त तापते जी. मी दर मेला पान तोडलं आहे."

ती दुखावली. खरंच दुखावली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्ये जंगलातलं मे. सावलीतलं. त्याला काय मे म्हंत्यात?"

फुलांचंही तिचं हेच. झाडांच्या दोन जाती. हिवाळ्यात तिच्या दारात फ्लॉक्स, पिटुनिया, पॅन्सी असे डबेच्या डबे फुलतात. गल्लीतून जाणारी माणसं थांबून फोटो काढतात. राजव्वा त्या फुलांकडं ढुंकून बघत नाही. "पावणं हायत ती. चार म्हैनं हासत्यात आन जात्यात. पावण्यावर जीव टाकू न्हाई." आणि जिन्याखालच्या चौदा डब्यांत जिरेनियम, डेझी असली वर्षानुवर्षं जगणारी, पण फूल द्यायला रडणारी झाडं. त्यांच्या पानांवरची धूळ ती पदरानं पुसते. "ही घरची. घरचं हासत न्हाई, पन जात बी न्हाई."

थंड मुलखातली झाडं आमच्या उन्हात वाचवायची, तर त्याला काही शास्त्र पाहिजे. ते राजव्वानं स्वतः केलं आहे. झालं असं, की एका झाडाच्या कुंडीला इंग्रजी चिठ्ठी होती. ती घेऊन ती नर्सरीवाल्याकडं गेली. तो म्हणाला, "अव्वा, हे पाच ते नऊ झोनचं झाड आहे."

"सोलापूर कितवं?"

त्यानं मोबाइलमध्ये शोधलं. "अकरा, नाहीतर बारा. जिथं थंडी कमी तिथं नंबर मोठा. हे नंबर थंडीचे असतात. थंडीत कुठलं झाड मरणार नाही, ते यावरून कळतं."

राजव्वा म्हणाली, "हितं थंडीत मरायला थंडी कुटं हाय? हितं मेलं तर उनात मरतंय. उनाचे नंबर सांग."

उन्हाचे नंबर त्याच्याकडं नव्हते. राजव्वाचं म्हणणं, हे नंबर पाडणाऱ्यानं एकदा तरी मेमध्ये सोलापूरला येऊन जायला पाहिजे होतं. घरी येऊन तिनं खडू घेतला आणि घराचेच नंबर पाडले. जिन्याखाली एक. न्हाणीची भिंत चार. उंबरा सात. तिची बिड्या वळायची खोली पश्चिमेची, म्हणून दहा. वरचा स्लॅब बारा. औषधाच्या दुकानातून फुकट मिळालेला थर्मामीटर घेऊन ती आठ दिवस घरभर हिंडली, तेव्हा कुठं नंबर पक्के झाले. नवी पेठेत धागा आणायला जातानाही तो पिशवीत असे. एका सोनाराच्या पायरीवर बसून तिनं उन्हाचा आकडा बघितला आणि आत जाऊन त्याला सांगितलं, "तुझी पायरी नऊ नंबर हाय. हितं काय ठिवू नको." सोनारानं म्हणे तिला पाणी पाजलं.

हे खडूचे आकडे बघून मीटर वाचायला येणारा माणूस अजून गोंधळतो. पाहुण्यांना मात्र आता माहीत झालं आहे. आवडीचं माणूस आलं की, "चारला बस, मी च्या टाकते." विम्याचा माणूस आला होता, त्याला तिनं वर नेऊन बारा नंबरला बसवलं. तो पाच मिनिटांत उतरला आणि परत आला नाही.

मी नोव्हेंबरात आलो तेव्हा माझ्या खोलीला नंबर नव्हता. "टाकू की. मे लांब हाय." मार्चमध्ये एक दिवस कामावरून आलो तर दारावर खडूनं '२' लिहिलेलं. मला फार बरं वाटलं. एवढ्या घरात दोन नंबरची गार जागा मला, आणि मालकीण स्वतः दहा नंबरला. दुसऱ्या दिवशीपासून काश्मीर माझ्या खोलीत यायला लागलं. मी मनात म्हणालो, आता कळलं. खोली मला नव्हे, झाडांना दिली आहे. मी तिथं झोपायला असतो इतकंच.

खरं सांगतो, मी कुरकुरलो. तोंडावर नाही, तेवढी हिंमत नाही. पण संध्याकाळी सहाला दार उघडावं तर फरशी ओली, डबे ठेवल्याचे गोल डाग, दोऱ्यांवर टांगलेली ओली गोणपाटं. बिडीची पानं रात्रभर ओल्या गोणपाटात मुरत ठेवतात, तीच ती. एकदा खाटेवर गांडूळ होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी झोपलेला असलो, तरी राजव्वा एकेक डबा आत आणायची, गोणपाटं भिजवून खिडकीवर टाकायची, आणि वर मलाच दटावायची. "पाय आकडून घे. जिरेनियमला लागतोय."

मी पाय आखडून घ्यायचो. माझी पिशवी कायम भरलेली असते. आई म्हणते हा माझा दुर्गुण आहे. कुठंही राहिलो तरी मला वाटत राहतं, की आज कुणीतरी म्हणेल, बाबा रे, आता तू जा. म्हणून टूथब्रश सुद्धा मी वापरून परत पिशवीत ठेवतो. असल्या माणसानं गांडुळाची तक्रार करायची नसते.

आता त्या एका डब्याविषयी सांगायला पाहिजे.

तेरा डबे हलवायचं काम ती मलाही सुट्टीच्या दिवशी सांगायची. चौदावा नाही. त्यात हायड्रेंजियाचं झाड होतं. इंग्रजी चिठ्ठीवालं ते हेच. राजव्वा त्याला 'सुनंचं झाड' म्हणते. तिचा मुलगा व्यंकटेश, त्याची बायको बेळगावकडची. लग्न डिसेंबरात झालं. येताना नवरीनं माहेरून ही कुंडी आणली होती, निळ्या फुलांचा हा एवढा गेंद होता म्हणे. हिवाळाभर सासूसुनेचं इतकं जमलं, की राजव्वानं तिला बिडी वळायला शिकवली आणि तिनं राजव्वाला मोबाइल. मग मे आला. सून आजारी पडली, ऊन सोसेना, अंगावर पुरळ. उन्हाळ्यापुरती म्हणून माहेरी गेली. मग व्यंकटेशनं तिकडंच नोकरी बघितली. मी आलो तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती.

गल्लीतल्या बायका सुनेला नावं ठेवतात. राजव्वा ठेवू देत नाही. "पाच नंबरची पोरगी बारा नंबरला आनून लावली. त्यात पोरीची काय चूक? लावनाऱ्याची चूक."

ते झाड तेव्हापासून फुललं नाही. पण जगलं होतं. दर रविवारी सकाळी सुनेचा फोन येतो. राजव्वाला फोन कानाला धरून बोलता येत नाही, ती स्पीकर लावते, म्हणून सगळ्या बोळाला ऐकू जातं. सून तिला 'अत्ती' म्हणते, म्हणजे सासूबाई. विचारते, "अत्ती, झाड कसं आहे?" मग किती पानं, कुठलं पिवळं पडलं, अशी तीन-चार मिनिटं झाडाची. मग नातीचं एखादं वाक्य. मग, "बरं, ठेवते." सहा वर्षं हा फोन त्या झाडावर चालला होता. हे मला कळत होतं, आणि म्हणून त्या डब्याच्या जवळून जाताना सुद्धा मी अंग चोरायचो.

आणि माझ्या पहिल्याच मेमध्ये राजव्वाला बेळगावला जावं लागलं. नातीचं जावळ होतं. सुनेनं स्वतः फोन करून सांगितलं, "अत्ती, या उन्हाळ्यात इथंच राहा. आणि जमलं तर कायमच्या." गल्ली म्हणाली, गेली आता राजव्वा, येत नाही परत. ती राहिली तर घर विकणार, घर विकलं तर मी कुठं जाणार?

जाताना तिनं थर्मामीटर जिन्याखालच्या खिळ्याला अडकवला आणि मला सांगितलं, "पानी रांजनातलंच घाल. आन सुनंच्या झाडाला काय झालं तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. रिक्षात बसली. मला वाक्य पुरं केलेलं परवडलं असतं.

मेमध्ये आमच्या कारखान्याला मान वर करायला फुरसत नसते. जूनमध्ये शाळा उघडतात. तरी सकाळी लवकर उठून मी चौदा डबे बघायचो. दुपारी बाराला ते माझ्या खोलीत कोण नेणार? पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सायकल हाणत आलो, तर लक्षात आलं, की अकरानंतर जिन्याखालची तिरीप निघून जाते आणि तिथं पुन्हा दाट सावली पडते. मी थर्मामीटर घेऊन मोजलं. जिन्याखाली पारा जिथं होता, त्याच्या सात रेघा वर तो माझ्या खोलीत चढला. पत्र्याची खोली, तिला पश्चिमेची भिंत. हिशेबानं माझी खोली अकरा नंबरची निघत होती.

मला जरा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. राजव्वासारख्या बाईची चूक आपण काढली. आठवी नापास माणसानं. मी झाडं जिन्याखालीच ठेवली. खोली कोरडी, खाटेखाली झाडू फिरवता आला, गांडूळ नाही. संध्याकाळी दार उघडलं तर आतून इस्त्रीच्या मशीनसारखा झोत आला. मला वाटलं, यंदा ऊन एकदम वाढलं. खाट बाहेर बोळात काढली आणि तिथंच झोपलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी म्हणालो, राजव्वा बरोबर सांगत होती. सोलापूरचा मे तो मे.

सहाव्या दिवशी घोळ झाला.

नळाला पाणी यायची पाळी चुकली. रांजण तळाला गेला. जेवणाच्या सुट्टीत धावत आलो, तर सुनेच्या झाडाची पानं मान टाकून लोंबत होती. ही पानं दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी उभी राहतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त रविवारचा फोन दिसत होता. स्लॅबवर काळी टाकी आहे, तिच्यात पाणी होतं. मी तिची रबरी नळी ओढून खाली आणली आणि सरळ झाडाच्या बुंध्यात सोडली. भरपूर. माया म्हणून जरा जास्तच.

पाणी डब्याबाहेर येऊन माझ्या पायावर आलं तेव्हा मी ओरडलो. मेमध्ये दीड वाजता स्लॅबवरच्या काळ्या टाकीचं पाणी म्हणजे काय, ते सोलापूरच्या लहान पोरालाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. आमच्या गावी विहीर आहे.

मातीतून वाफ आली. वाफेचा वास मी रोज दहा तास घेतो, त्यात मला चुकणं शक्य नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा पानं चाकवताच्या भाजीसारखी झाली होती.

उरलेले तीन दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. इस्त्री करता करता एका गणवेशाच्या खिशावर डाग पाडला. मधे रविवार गेला, पण राजव्वा बेळगावातच होती, त्यामुळे फोन आला नाही. नवं झाड आणून ठेवावं का, असं सुद्धा मनात आलं. पण राजव्वा पानावरून गाव ओळखते, तिला काय फसवणार. मी पिशवी पुन्हा नीट भरली आणि काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं.

नवव्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी अडीचला बोळाचं दार वाजलं. राजव्वा. डोक्यावर ओला टॉवेल, हातात पिशवी.

"एंरा गोंदिया, काय रे, तोंड असं का? कोन मेलं?"

"झाड," मी म्हणालो. पाठ केलेलं सगळं विसरलो.

तिनं पिशवी खाली ठेवली. जिन्याखाली उकिडवी बसली. बिडीचं तोंड मुडपून मुडपून तिच्या अंगठ्याचं नख पत्र्यासारखं झालं आहे. त्या नखानं तिनं फांदी खरवडली. आत तपकिरी. जरा खाली खरवडली. तपकिरी. अगदी मातीपर्यंत आली, बोटानं माती उकरली, आणि तिथं खरवडलं.

"हाय," ती म्हणाली. "दोऱ्याएवढं हिरवं हाय."

मग पान कापायची कात्री आणली आणि सगळं झाड चार बोटांवर कापून टाकलं. सहा वर्षांचं झाड. कापता कापता विचारलं, "किती वाजता घातलंस?"

"दीड वाजता."

"टाकीचं?"

"हो जी."

"पायाला पोळलं का?"

मी सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. याची केली नव्हती. पाय मागं घेतला, पण तिनं बघितला.

"काश्मीर खोलीत का न्हेलं न्हाईस?"

इथं मला जरा बळ आलं. म्हणालो, "राजव्वा, तुझ्या नंबरात चूक आहे. मी मोजलं. जिन्याखाली माझ्या खोलीपेक्षा सात रेघा कमी असते. झाडांना तिथंच बरं आहे. तू उगाच उचलून नेतेस."

"मला ठाव हाय की," राजव्वा म्हणाली. "जिन्याखाली गार असतंय हे बघाया थर्मामीटर लागतंय व्हय?"

कापलेल्या फांद्या गोळा करून ती उठली आणि रांजणाचं झाकण काढून पाणी किती आहे ते बघायला लागली.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या दारावरचा '२' समोर दिसत होता. चौदा डबे, चार ओली गोणपाटं, बाराला आत, पाचला बाहेर, आणि सहाला मी इस्त्रीवरून येणार. माझी खोली कधीच दोन नंबरची नव्हती. राजव्वा ती रोज दुपारी पाच तास गोणपाटं भिजवून भिजवून दोन नंबरची करत होती.

हे तिला विचारलं असतं तर ती चिडली असती. मी एवढंच म्हणालो, "तू लवकर आलीस. तिकडं बरं नव्हतं का?"

"लई बरं. लई गार. सून कशी फुललीय म्हंतोस, बघत ऱ्हावं. नात माझ्या कडंवरनं उतरंना." तिनं टॉवेल पिळला. "पन तितं कशाला बी मे न्हाई. काठी खुपसली तर फूल येतंय. मी काय करू तितं? नऊ दिस नुसती बसून हुते. ह्याला हितं ठिव, त्याला तितं ठिव, काईच न्हाई. हात दुखायला लागले माजे."

रविवारी फोन आला. मी खोलीत बसून ऐकत होतो. "अत्ती, झाड कसं आहे?"

"झोपलंय," राजव्वा म्हणाली.

"झोपलंय म्हणजे?"

"तुमच्यात थंडीत झोपत्यात का न्हाई झाडं? वरनं मेल्यावानी? हितं मेमधी झोपत्यात. उटलं की सांगते."

मग सून बोलायला लागली. तिच्या माहेरी डिसेंबरात झाडं अशीच कापतात, आई वर पाचोळा टाकते, तिच्या लहानपणी एकदा तिनं असंच झाड मेलं म्हणून उपटून टाकलं होतं आणि मार खाल्ला होता. राजव्वा हसली. मग बिडीच्या पानांची कात्रणं वर टाकली तर चालतील का, यावर चर्चा झाली. त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. झाडाला एक पान नसताना.

श्रावणात मातीतून हिरवं टोक आलं. फूल अजून आलेलं नाही. राजव्वाची त्याबद्दल तक्रार नाही. आणि त्याच्याही आधी, मे संपून जून लागला, तेव्हा सकाळी तिनं बोळातून हाक मारली, "टेकचंद, च्या." मी इकडंतिकडं बघितलं, की हा टेकचंद कोण.

त्याला आता चार मे झाले. पिशवी अजून भरलेलीच असते, पण टूथब्रश बाहेर असतो. कामाच्या दिवशी काश्मीर बाराला माझ्या खोलीत येतं आणि मी संध्याकाळी गोल डागांवरून पाय ठेवत आत जातो. सुट्टीच्या दिवशी मात्र हलवायचं काम मी माझ्याकडं घेतलं आहे. चौदाच्या चौदा डबे. ते मी तिच्या खोलीत नेतो. ती सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेली असते. मी गोणपाटं भिजवून तिच्या खिडकीवर टाकतो, आणि सुनेचं झाड तिच्या गुडघ्यापाशी ठेवतो.

"हितं कशाला आनलंस?" ती दर वेळी म्हणते. "ही दहा नंबर हाय."

"दोन आहे," मी म्हणतो. "तुझ्या दारावर मी खडूनं लिहिलंय की. पाय आखडून घे, जिरेनियमला लागतोय."